तळघरातले बिऱ्हाड



शेवटच्या पानावरचे ‘खोली भाड्याने देणे आहे’ हे सदर या वेळी निम्म्यावर आले आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येईलच. जाहिराती कमी आल्या असे नाही. आलेल्यांपैकी काही जाहिराती आम्ही, म्हणजे हे पान सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांनी, थोडी माहिती मागून परत पाठवल्या. बेसमेंटची नगरपालिकेत नोंद झाली आहे का, धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लावलेले आहेत का, आणि रात्री आग लागली तर खाली झोपलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट कोणती, एवढेच विचारले होते. एकदोन जाहिरातींतले ‘फक्त महाराष्ट्रीयांसाठी’ हे शब्द गाळण्याची विनंतीही केली होती.

त्यावरून फोन आले. काही समजूतदार, काही रागाचे. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “मंडळ आता सिटीचे इन्स्पेक्टर झाले का?” दुसऱ्या काकूंचे म्हणणे असे की त्या भाडेकरू ठेवतच नाहीत, मुलाला घरच्यासारखे ठेवतात, मग हे प्रश्न त्यांना कशासाठी? काकूंचा हा प्रश्न आम्हांला जास्त महत्त्वाचा वाटतो. म्हणून सविस्तर उत्तर.

आपल्याकडची परिस्थिती सर्वांना ठाऊक आहे. ब्रॅम्प्टनला, मिसिसागाला किंवा स्कारबरोला घर घ्यायचे तर गहाणाचा हप्ता एका पगारात निभत नाही. बेसमेंटला वेगळा दरवाजा काढला, न्हाणीघर आणि ओटा केला की महिन्याला बरीच रक्कम सुटते. दुसऱ्या बाजूला पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून शिकायला आलेली मुले. त्यांना इथे क्रेडिट रेकॉर्ड नसते, हमी द्यायला कोणी नसते. मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख होते, काका-काकू म्हणतात, आणि चार दिवसांत बॅगा खाली उतरतात. यात वाईट काहीच नाही. आमच्यापैकी अनेकांनी या देशातला पहिला हिवाळा अशाच कुणाच्या तरी तळघरात काढला आहे आणि त्या घरच्या पोळीभाजीची चव अजून जिभेवर आहे.

पण ‘घरच्यासारखा’ या शब्दात एक अडचण आहे. घरचा माणूस थंडी वाजली तर थर्मोस्टॅट वाढवतो, अलार्म वाजेनासा झाला तर ओरडतो, खिडकी उघडत नसेल तर दुरुस्त करून मागतो. घरच्यासारखा असलेला मुलगा यातले काहीच करत नाही. काकूंना काय वाटेल, या संकोचाने तो दोन स्वेटर घालून झोपतो. भाडे रोख देतो, कागद मागत नाही, आणि आईला फोनवर सगळे छान आहे असे सांगतो. परक्या घरमालकाकडे राहणारा भाडेकरू निदान कटकट करतो. आपल्याकडचा करत नाही. म्हणून आपल्या माणसांच्या घरांत दोष जास्त काळ लपून राहतात, असे आमचे मत आहे. आपुलकी खरी असेल तर त्या मुलाने तक्रार करण्याची वाट न पाहता जे करायचे ते मालकाने आधीच करायला हवे.

हे आपल्याला सुचत का नाही, याचे एक कारण आपण ज्या घरांतून आलो तिथे असावे. सदाशिव पेठेतला वाडा असो की गिरगावातली चाळ, मालक म्हणजे भाडे घेणारा माणूस. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जवळजवळ गोठली. त्या भाड्यात कौले शाकारणेही परवडत नाही, असे मालक म्हणे आणि त्यात तथ्यही होते. पुढे मुंबईच्या जुन्या इमारतींसाठी १९६९ चा दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. उपकर गोळा करून दुरुस्ती सरकारी मंडळाने करायची. परिणाम असा की दुरुस्ती हे मालकाचे काम आहे, ही कल्पनाच दोन पिढ्यांच्या डोक्यातून गेली. गळक्या छताखाली बादली बिऱ्हाडकरूनेच ठेवायची. त्यानंतर अकरा महिन्यांचे ‘लीव्ह अँड लायसन्स’ आले आणि बिऱ्हाडकरू मुदत संपली की जाणारा पाहुणा झाला. वास्तविक महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातही जागा चांगल्या स्थितीत ठेवण्याचे बंधन मालकावर आहे, आणि करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारीही मालकाचीच आहे. पण कायद्यात आहे ते अंगवळणी पडते असे नाही, आणि आपण इकडे येताना अंगवळणी पडलेलेच बरोबर आणतो.

ओंटारियोत प्रकरण निराळे आहे. (इतर प्रांतांतल्या वाचकांनी आपापले नियम पाहावेत, ते वेगळे आहेत.) इथला निवासी भाडेकरार कायदा २००६ चा, अमलात आला २००७ च्या जानेवारीअखेर. त्याच्या विसाव्या कलमाचा आशय असा की जागा चांगल्या दुरुस्तीत, राहण्यायोग्य आणि आरोग्य, सुरक्षितता व घरबांधणीच्या नियमांना धरून ठेवणे हे घरमालकाचे काम. पुढचा भाग सभासदांनी दोनदा वाचावा. राहायला येण्यापूर्वी भाडेकरूला दोष ठाऊक होता, तरी मालकाची सुटका नाही. “त्याला सगळे दाखवूनच दिले होते” हे उत्तर चालत नाही. “म्हणूनच तर भाडे कमी घेतो” हेही नाही. कायद्याने दिलेला हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही. लिहिले तर ते कलम रद्द समजले जाते.

याचे एक ठळक उदाहरण बर्फाचे आहे. २००९ साली ओंटारियोच्या अपील न्यायालयापुढे एक दावा आला होता. तळघरात राहणारी भाडेकरू पायवाटेवरच्या बर्फावरून घसरून पडली. मालकाचे म्हणणे, करारात बर्फ काढण्याचे काम तिच्याकडेच दिले होते. न्यायालयाने ते मानले नाही. सामाईक वाटेवरचे बर्फ काढणे हे कायद्याने मालकावर टाकलेले काम आहे, आणि भाडेकरारातल्या एका ओळीने ते भाडेकरूच्या गळ्यात घालता येत नाही. भाडेकरूशी त्यासाठी वेगळा, मोबदल्याचा व्यवहार करता येईल, पण तो खराखुरा वेगळा असला पाहिजे. आपल्या किती घरांत “खालच्या मुलाने फावडे मारायचे” असे तोंडी ठरलेले आहे, ते ज्याचे त्याने आठवावे.

काकूंच्या मूळ प्रश्नाकडे वळू. मालक किंवा त्याचे जवळचे कुटुंबीय त्याच घरात राहत असतील आणि भाडेकरू त्यांच्याबरोबर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वापरत असेल, तर हा भाडेकरार कायदा त्या व्यवहाराला लागू होत नाही. तेव्हा वरच्या मजल्यावरची खोली देऊन एकाच ओट्यावर सगळे जेवत असतील, तर काकूंचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. निम्मेच, कारण अग्निसुरक्षेचे नियम अशा घरालाही सोडत नाहीत. आणि खाली वेगळा ओटा, वेगळे न्हाणीघर असेल, तर वरून रोज डबा खाली जात असला तरी तो भाडेकरू आणि आपण घरमालक. बेसमेंट नगरपालिकेच्या दृष्टीने बेकायदा असले तरी खालच्या माणसाचे हक्क कमी होत नाहीत. बेकायदेशीरपणाचा बोजा मालकावर पडतो.

आता आमच्या स्वतःच्या विषयाबद्दल. आमचा पेशा रसायनशास्त्राचा, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडवर जरा जास्त लिहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गॅस गळला की वास येतो, अशी आपली समजूत आहे. तो वास नैसर्गिक वायूचा नसतो. कळावे म्हणून त्यात मुद्दाम गंधकयुक्त द्रव्य मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइड हा निराळा प्रकार. गॅस, लाकूड, पेट्रोल, कोळसा, काहीही अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्यात कोणी वास मिसळून ठेवत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणजे हवेत अगदी थोडा असला तरी तासागणिक रक्तातली जागा व्यापत जातो. लक्षणे फसवी असतात. डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. फ्लू झाला असे समजून माणूस क्रोसिन घेऊन पांघरूण ओढतो. ताप मात्र नसतो, बाहेरच्या हवेत गेले की बरे वाटते, आणि घरातल्या एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी तेच होते. या तीन खुणा लक्षात ठेवाव्यात. असे झाले तर सर्वांनी आधी घराबाहेर पडावे आणि बाहेरून ९११ ला फोन करावा.

आता बेसमेंटचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. फर्नेस तिथे, पाणी तापवण्याची टाकी तिथे, आणि झोपणारा माणूसही तिथेच, एका पातळ भिंतीपलीकडे. नव्या पद्धतीच्या फर्नेसचे प्लॅस्टिकचे धुराडे घराच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर काढलेले असते. फावड्याने उडवलेले बर्फ नेमके त्याच्यासमोर साठते. काही घरांत गॅरेज घराला चिकटून असते. सकाळी कामावर जाणारे काका दार उघडून गाडी आतच दहा मिनिटे तापवत ठेवतात आणि धूर घरात शिरतो. २०१३ च्या डिसेंबरात बर्फवादळाने टोरांटोत तीन लाखांवर ग्राहकांची वीज गेली, तेव्हा ऊब यावी म्हणून लोकांनी बार्बेक्यू घरात आणले आणि विषबाधेच्या घटना घडल्या. आपल्याकडे कुणी शेगडी पेटवली नसेल अशी आशा आहे.

कायदा या बाबतीत जागा झाला तो एका कुटुंबाच्या मृत्यूनंतर. २००८ साली वुडस्टॉक येथे हॉकिन्स कुटुंबातले आईवडील आणि दोन मुले आपल्याच घरात या वायूने गेली. गॅसच्या फायरप्लेसचे धुराडे तुंबले होते. त्यातली आई ओंटारियो प्रोव्हिन्शियल पोलिसांत अधिकारी होती, म्हणजे निष्काळजी माणसे म्हणावीत अशी ती नव्हती. घरात अलार्म नव्हता एवढेच. तिचे काका जॉन गिनॅक हे निवृत्त अग्निशामक. त्यांनी पाच वर्षे पाठपुरावा केला आणि २०१३ साली विधिमंडळात हॉकिन्स-गिनॅक कायदा संमत झाला. त्यानुसार इंधनावर चालणारे उपकरण, फायरप्लेस किंवा घराला जोडलेले गॅरेज असेल तिथे झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला. १ जानेवारी २०२६ पासून नियम आणखी वाढला आहे. आता अशा घरांत प्रत्येक मजल्यावर अलार्म हवा. भाड्याच्या जागेत हे लावणे मालकाचे काम आहे.

एक तांत्रिक गोष्ट. हा अलार्म सत्तर पीपीएम प्रमाणाला तत्काळ वाजत नाही, एक ते चार तासांच्या आत वाजतो. दीडशेला दहा ते पन्नास मिनिटांत, चारशेला चार ते पंधरा मिनिटांत. हा दोष नाही, रक्तात किती साठले असेल याचा तो हिशेब आहे. पण यंत्राला वय असते. साधारण सात ते दहा वर्षांनी आतला संवेदक थकतो, आणि बटण दाबल्यावर येणारा आवाज फक्त भोंगा आणि बॅटरी ठीक असल्याचे सांगतो. मागच्या बाजूची तारीख वाचावी. घर घेताना आधीच्या मालकाने ठेवलेला पिवळट पडलेला डबा म्हणजे अलार्म नव्हे.

धुराच्या अलार्मचे शत्रू आपल्याकडे दोन, फोडणी आणि होम. वर्गणी गोळा करायला घरोघर जातो तेव्हा आमची नजर सवयीने छताकडे जाते, आणि कित्येक घरांत तिथे नुसती गोल चकती दिसते. अलार्म ड्रॉवरमध्ये असतो. वास्तुशांतीला गुरुजींनी काढायला सांगितला तो पुन्हा चढलाच नाही. एका घरात तर वास्तुशांतीनंतर मुलाची मुंज होऊन गेली होती. मोहरीच्या धुराने अलार्म केकाटतो हे खरे आहे. त्याला इलाज आहे. अलार्म दोन जातींचे असतात. एका जातीत अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा सूक्ष्म कण असतो (होय, तुमच्या छतावर, घाबरण्याचे कारण नाही) आणि ती जात तळणीच्या धुराला लगेच भुलते. दुसरी प्रकाशकिरणांवर चालते. ती फोडणीला कमी भुलते आणि गादी-सोफा धुमसायला लागला तर लवकर सावध करते. स्वयंपाकघराजवळ ही दुसरी जात लावावी, तात्पुरते गप्प करण्याचे बटण असलेली घ्यावी, आणि शेगडीवरचा पंखा बाहेर हवा टाकतो की नुसता फिरवतो तेही पाहावे.

प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या जागेबाहेर चालू स्थितीतला धुराचा अलार्म ठेवणे ओंटारियोत सक्तीचे आहे. भाड्याच्या जागेत मालकाने वर्षातून एकदा, आणि भाडेकरू बदलला की पुन्हा, तो तपासायचा आणि त्याचे माहितीपत्रक भाडेकरूला द्यायचे. अलार्म निकामी करणे हा गुन्हा मालकालाच नव्हे, भाडेकरूलाही लागू आहे, हे खालच्या मुलांनीही ध्यानात घ्यावे. अग्निसंहिता मोडणाऱ्या व्यक्तीला पहिल्या गुन्ह्यासाठी पन्नास हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. रकमेचा उल्लेख केला की सभासद लक्ष देतात असा अनुभव आहे, म्हणून केला.

अलार्म वाजला तरी माणसाला बाहेर पडता आले पाहिजे. खिडकीबद्दल आम्ही विचारले ते यासाठी. ओंटारियोच्या इमारत संहितेत झोपण्याच्या खोलीला थेट बाहेरचा दरवाजा नसेल तर सामान्यतः बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. उघडी जागा किमान ०.३५ चौरस मीटर, आणि कुठलीही बाजू ३८० मिलिमीटरहून कमी नाही. जुन्या घरांतली छताला टेकलेली, चोराच्या भीतीने गज लावलेली पट्टीवजा खिडकी यात बसत नाही. २०१८ च्या मे महिन्यात स्कारबरोत, विद्यार्थ्यांना खोल्या दिलेल्या एका घराला आग लागली आणि विद्यापीठात शिकणारी अठरा वर्षांची मुलगी दगावली. अशा खोली-खोलीने दिलेल्या घरांना त्या काळी स्कारबरोत परवानाच मिळत नव्हता. टोरांटोने ती सर्व शहरात परवान्याखाली आणली २०२४ च्या मार्चअखेर. जे घर कागदावर अस्तित्वातच नाही तिथे तपासायला कोण जाणार, आणि तिथला भाडेकरू तरी कुणाला बोलावणार?

नोंदणीचा आग्रह धरतो तो यामुळे. पुष्कळ जुने सभासद म्हणतात, “आमचे बेसमेंट पंचवीस-तीस वर्षांपासूनचे आहे, ते कायदेशीरच.” तसे असेलही, पण तपासून पाहावे. इतिहास थोडक्यात असा. १९९४ मध्ये प्रांतिक सरकारने घरात दुसरे बिऱ्हाड ठेवण्यास सरसकट मुभा दिली आणि अग्निसंहितेत अशा दोन बिऱ्हाडांच्या घरांसाठी नियम घातले. पुढच्याच वर्षी सरकार बदलले आणि ती मुभा मागे घेण्यात आली. १६ नोव्हेंबर १९९५ रोजी जी दुसरी बिऱ्हाडे अस्तित्वात होती तेवढ्यांना संरक्षण राहिले. तेव्हा ‘जुने’ म्हणजे त्या तारखेपूर्वीचे, आणि तेही अग्निसंहितेचे नियम पाळणारे. दोन बिऱ्हाडांमध्ये अर्धा तास आगीला तोंड देईल असे विभाजन, किंवा घरभरचे अलार्म एकमेकांना जोडलेले असतील तर पंधरा मिनिटांचे. बाहेर पडण्याची धड वाट. आणि विजेच्या जोडणीची इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीकडून तपासणी. नंतरच्या सरकारांनी दार पुन्हा उघडले. २०११ च्या कायद्याने नगरपालिकांना दुसऱ्या बिऱ्हाडाला वाव देणे भाग पाडले, २०२२ मध्ये शहरी भागातल्या बहुतेक निवासी भूखंडांवर तीन बिऱ्हाडांपर्यंत मुभा मिळाली. म्हणजे आज कायदेशीर होण्याची वाट पूर्वीपेक्षा रुंद आहे. लपून राहण्याची सवय मात्र त्या जुन्या काळातली टिकून आहे.

लहान वाटणाऱ्या बाबी आहेत, पण कुरबुरी त्यांवरूनच होतात. थर्मोस्टॅट वरच्या मजल्यावर, वर ऊन येते म्हणून तो खाली ओढलेला, आणि तळघरात दात वाजतात. प्रांताचा नियम १ सप्टेंबर ते १५ जून किमान वीस अंश सेल्सियसचा आहे, काही शहरांचा त्याहून कडक. हे तापमान भाडेकरूच्या खोलीतले. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, ते शेवटच्या महिन्याच्या भाड्यासाठीच वापरायचे आणि त्यावर दरवर्षी व्याज द्यायचे. मोडतोडीसाठी वेगळी रक्कम अडकवून ठेवणे इथे चालत नाही. एप्रिल २०१८ च्या अखेरीपासून नव्या करारांसाठी प्रांताचा ठरावीक नमुना वापरायचा आहे. अकरा महिन्यांची युक्ती इथे निरुपयोगी आहे. मुदत संपली तरी भाडेकरू महिन्या-महिन्याने राहू शकतो.

आणि लोणच्याची बरणी. खाली थंड खोलीत आईंनी ठेवलेली बरणी आणायला कोणीही केव्हाही जिना उतरते. तो मुलगा परीक्षेच्या अभ्यासात असतो किंवा अंघोळ करून नुकता बाहेर आलेला असतो. कायदा म्हणतो, भाडेकरूच्या जागेत शिरायचे तर चोवीस तास आधी लेखी सूचना द्या, कारण सांगा, आणि सकाळी आठ ते रात्री आठच्या दरम्यान जा. आणीबाणी असेल किंवा त्याची त्या वेळी संमती असेल तर गोष्ट वेगळी. बरणी वर आणून ठेवणे सोपे.

‘फक्त महाराष्ट्रीयांसाठी’ या शब्दांबद्दल. स्वतंत्र बिऱ्हाड भाड्याने देताना वंश, मूळ प्रदेश, धर्म, कुटुंबात मुले असणे अशा कारणांवरून नकार देणे ओंटारियोच्या मानवी हक्क संहितेविरुद्ध आहे, आणि तसा हेतू दाखवणारी जाहिरात छापणाराही त्यात सापडतो. म्हणजे हे पानसुद्धा. आपल्याला ब्रॅम्प्टनमध्ये कुणी “तुमच्या लोकांना देत नाही” म्हटले तर जे वाटेल, तेच इतरांना वाटते.

घरमालकांची बाजू आम्हांला दिसत नाही असे नाही. भाडे थकवून बसलेल्या भाडेकरूविरुद्ध लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे गेले तर महिनोन् महिने तारीख मिळत नाही, हा काही सभासदांचा अनुभव आहे. ओंटारियोच्या ओम्बुड्समनने २०२३ च्या मे महिन्यात या विलंबावर सविस्तर अहवालच दिला होता. दोन-दोन नोकऱ्या करून हप्ते भरणाऱ्याला हे फार जाचते. तरीही कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे हा मार्ग नाही. आणि बोर्डापुढे उभे राहायचे असेल तर आपले अलार्म, आपला करार, आपल्या पावत्या जागेवर असलेल्या बऱ्या. विम्याचेही तेच. भाडेकरू ठेवल्याचे विमा कंपनीला कळवलेले नसेल तर नेमक्या आगीच्या वेळी कंपनी हात वर करू शकते.

सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आहे. परवानगी, मोठी खिडकी, आगरोधक छत, वायरमनची तपासणी यांची बेरीज हजारांत जाते. मग लोक बेसमेंट बंद ठेवतील आणि मुलांना खोल्या मिळणार नाहीत, असे म्हणतात. यात तथ्य आहे, म्हणून आम्ही सरसकट बंदी मागत नाही. अलार्म नाहीत किंवा झोपण्याच्या खोलीतून बाहेर पडायला वाट नाही अशी जागा या पानावर छापू नये, एका अंकापुरतीही नाही. नोंदणी व्हायची असेल तर अर्ज केल्याचे कळवावे आणि सहा महिन्यांत पूर्ण करावी. तोवर ‘नोंदणी चालू’ असे लिहून जाहिरात छापू. नोंदणी मुळीच करायची नाही म्हणणाऱ्यांनी दुसरी जागा शोधावी. मंडळ इन्स्पेक्टर नाही हे बरोबर, पण आपल्या नावाखाली छापलेल्या ओळीवर विश्वास ठेवून नाशिकची कुणी आई मुलीला त्या पत्त्यावर पाठवते.

हा ठराव कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. विरोध असणाऱ्यांनी जरूर यावे, काकूंनी तर नक्कीच. त्याआधी एक सोय करतो आहोत. ज्यांना शिडीवर चढणे जमत नाही त्यांच्याकडे दोन कार्यकर्ते शनिवारी येऊन अलार्म लावून देतील. अलार्म तुमचा, शिडी आमची. नावे वर्गणी घेणाऱ्यांकडे नोंदवावीत. आणि ज्यांच्या जाहिराती परत गेल्या आहेत त्यांची माहिती या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आली, तर त्या पुढच्या अंकात येतील.

— जाहिरात विभागाचे कार्यकर्ते